दोन मिलिमीटर

कारखान्यात तयार झालेल्या खाण्याबद्दल माझ्या मनात अनेक वर्षं तुच्छता होती. ती मी लपवली नाही. उलट तिच्यावरच माझा छोटा व्यवसाय उभा केला. मी मोशीत राहते आणि घरून केक, कुकीज, ब्रेड करून विकते. माझ्या प्रत्येक खोक्यावरच्या चिठ्ठीत एक ओळ असायची : ‘यंत्राचा स्पर्श नाही’. गिऱ्हाइकांना ती आवडायची आणि मला तर फारच आवडायची. पाकिटातलं बिस्कीट म्हणजे कुणाचाच जीव न लागलेली वस्तू, आणि माझ्या ओव्हनमधून निघतं ते जीव लावून केलेलं, असा माझा सरळ हिशोब होता. पाकिटातलं एक बिस्कीट दुसऱ्यासारखं हुबेहूब दिसतं, हाच मला त्याच्याविरुद्धचा पुरावा वाटायचा.

हे मी कुठे राहून म्हणत होते, तेही सांगायला हवं. आमच्या एका अंगाला भोसरीची एमआयडीसी आणि दुसऱ्या अंगाला चाकण. पुणे-नाशिक रस्त्यावरून तिन्ही पाळ्यांना कंपन्यांच्या बसगाड्या धावतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, आणि खेड्यांचं शहर होत होत १९८२ मध्ये महापालिका झाली. कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण पुढे फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि महिंद्राच्या गाड्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं. या पट्ट्यात क्वचितच असं घर असेल, ज्यातला एकही माणूस कधी कंपनीत गेला नाही. माझे वडीलही लेथवर होते. मायक्रोमीटर, व्हर्नियर, टॉलरन्स हे शब्द आमच्या जेवणाच्या ताटाभोवती फिरत असत. माझी फी त्या पगारातून भरली गेली आणि माझा पहिला ओव्हन त्यांच्या फंडाच्या पैशांतून आला. त्या ओव्हनमध्ये केलेल्या मालावर मी ‘यंत्राचा स्पर्श नाही’ असं लिहून विकत होते, आणि त्यात वडिलांचा अपमान आहे हे मला कधी सुचलंही नाही.

वडील घरी येऊन ‘आज जॉब चांगला निघाला’ असं म्हणायचे. मी ते कधी नीट ऐकलं नाही. दिवसभर एकाच मापाचे तुकडे काढणाऱ्या माणसाच्या कामात चांगलं किंवा वाईट काय असणार, असं वाटायचं. कला, कौशल्य, हातगुण या गोष्टी आमच्या गल्लीत नसतात, त्या दुसरीकडे कुठेतरी असतात, अशी माझी पक्की समजूत होती. मोठी झाल्यावर मी पीठ मळायला लागले आणि ते ‘दुसरीकडे कुठेतरी’ म्हणजे माझाच ओटा, असं ठरवून टाकलं.

माझ्या आजीला बेकरीचं बिस्कीट चालत नसे. ‘कुणाच्या हातचं असेल कोण जाणे’ एवढंच ती म्हणायची. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली, आणि तेवढ्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या खटल्याला, आणि प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावं लागलं, हे मी वाचलं तेव्हा मला आजीच्या पिढीची कीव आली होती. आपण किती पुढे आलो, असंही वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. आजी बिस्कीट नाकारायची, कारण त्याला कुणाचे तरी हात लागलेले असायचे. मी नाकारत होते, कारण माझ्या मते त्याला कुणाचेच हात लागलेले नव्हते. बिस्कीट करणाऱ्या माणसाकडे आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.

माझ्या समजुतीला तडा गेला तो खाऱ्या क्रॅकर बिस्किटांमुळे. दिवाळीच्या भेटीसाठी एका सोसायटीतून मागणी आली : प्रत्येक खोक्यात घरी केलेले क्रॅकर्स आणि न भाजता केलेले थरांचे बार. मी लगेच हो म्हटलं. क्रॅकरमध्ये असतं काय? मैदा किंवा कणीक, तेलाचं मोहन, मीठ, ओवा, पाणी. खाऱ्या शंकरपाळ्यांचं पीठ ज्याला भिजवता येतं त्याला हे येणारच. फक्त तळायच्या ऐवजी भाजायचं. चाकणच्या बाजारातला कांदा वाळवून कुटून घातला की पाकिटातल्या खाऱ्या बिस्किटाला विचारतो कोण, असा माझा तोरा होता.

पीठ छान झालं. लाटलं, कातणाने चौकोन पाडले, काट्याने टोचे मारले. हे टोचे शोभेचे नसतात. पिठातलं पाणी तापलं की वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा नसेल तर चौकोन पुरीसारखा फुगतो, आणि फुगलेला भाग कुरकुरीत होण्याआधीच करपतो. हे मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते ट्रे बाहेर आल्यावर दिसलं. कडेचे चौकोन तपकिरी, मधले पांढुरके, काही एका बाजूने करपलेले आणि दुसऱ्या बाजूने मऊ. पुन्हा केले. ओव्हनचं तापमान बदललं, वेळ बदलली, मोहन वाढवलं. प्रत्येक वेळी थोडे छान, थोडे वाईट आणि बरेचसे मधले. त्यात आणखी एक गोष्ट कळेना. अख्खे निघालेले चौकोन डब्यात ठेवले की दुसऱ्या दिवशी त्यांना आपोआप चिरा पडलेल्या असायच्या, आणि कुणी हातही लावलेला नसायचा.

इथे माझी सगळ्यात वाईट सवय कामाला आली. मी स्वतःला समजावलं की हे असंच असतं, हाताने केलेलं थोडं वेडंवाकडं असायचंच, त्यातच त्याची गोडी. चांगले चौकोन वर आणि बरे-वाईट खाली, अशी खोकी भरायची हेही मनात ठरलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते ठरलं होतं. माझ्या आळसाला मी घरगुतीपणाचं नाव दिलं होतं आणि त्याचे जास्तीचे पैसे लावणार होते.

आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी एक मुलगी चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या कामावर आहे. मराठवाड्यातून आलेली, बावीस-तेवीस वर्षांची. तो गुरुवार होता. या पट्ट्यात बहुतेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ती रिकामा डबा परत द्यायला खाली आली आणि ओट्यावरच्या ट्रेजवळ थांबली. मी म्हटलं, “घे की गं.” तिने खाल्लं नाही. एक चौकोन उचलला, उजेडात आडवा धरला आणि खाली ठेवला. दुसरा उचलला. मग काही न विचारता ती ट्रेमधले सगळे चौकोन वेगळे करू लागली. तिचे हात इतक्या सहज आणि इतक्या वेगाने चालत होते की मी बघतच राहिले. थोड्या वेळात ओट्यावर तीन ढीग झाले.

“काकू, हे एवढेच पास आहेत,” सगळ्यात लहान ढिगाकडे बोट दाखवून ती म्हणाली. “हे पुन्हा भाजून होतील. आणि हे रिजेक्शन.”

मला राग आला. मी म्हटलं, “अगं, ही काय तुमची कंपनी आहे का? घरचं आहे हे. घरचं थोडं पुढे-मागे होणारच.”

ती शांतपणे म्हणाली, “पण काकू, पैसे तर सगळ्यांचे सारखेच घेणार ना?”

मी काहीच बोलले नाही. तीच पुढे म्हणाली, “आमचा पीस गाडीच्या ब्रेकमध्ये बसतो. मी लागले तेव्हा मलाही वाटायचं की हजारात एखादा इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं. आमचे सर म्हणाले, गिऱ्हाइकाच्या हातात हजार पीस जात नाहीत. त्याच्या हातात एकच जातो.”

या वाक्यापाशी मी खूप दिवस थांबले होते, आणि इथेही थांबते. माझ्या डोळ्यांसमोर नेहमी अख्खा ट्रे असायचा. ट्रे बघून मी म्हणायचे, बहुतेक छान झालेत. पण अख्खा ट्रे खाणारा कुणीच नसतो. कुणाच्या तरी घरी एखादी म्हातारी बाई एक चौकोन उचलणार, आणि तो नेमका टणक निघाला तर माझे बाकीचे चौकोन किती सुंदर होते याचा तिला काय उपयोग? सारखेपणाला मी इतकी वर्षं जीव नसण्याची खूण समजत होते. ही मुलगी मला सांगत होती की सारखेपणा म्हणजे ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा माणसाचीसुद्धा काळजी घेणं. ज्याच्या वाट्याला शेवटचा तुकडा येईल, त्यालाही पहिल्याइतकाच चांगला मिळाला पाहिजे. पिंपरीच्या कारखान्यातून पेनिसिलिनच्या कुप्या निघत होत्या, तेव्हा त्यातली प्रत्येक कुपी दुसरीसारखीच असणं ही कुणाच्या तरी आजारी मुलाच्या जिवाची गोष्ट होती. हे इतकं उघड आहे, आणि याच शहरात वाढूनही ते मी कधी मनात येऊ दिलं नाही.

मग तिने मला चूक दाखवली. मुख्य चूक ओव्हनची नव्हती आणि पिठाचीही नव्हती. “तुम्ही जाडी धरलेली नाही,” ती म्हणाली. माझं लाटणं मधे कमी आणि कडेला जास्त दाबत होतं. पातळ भागातलं पाणी आधी उडतं, तो आधी लाल होतो; जाड भागात पाणी राहतं आणि तो मऊ पडतो. डब्यातल्या चिरांचं कारणही मग वाचून समजलं. एकाच बिस्किटाच्या मधल्या भागात जास्त आणि कडेला कमी ओल राहिली तर भाजून झाल्यावरही ती आतल्या आत सरकते. मधला भाग आकसतो, कड हवेतली ओल शोषून फुगते, आणि त्या ताणाने बिस्कीट चिरतं. मोठ्या कारखान्यांत पीठ रुळांतून ठरलेल्या जाडीला उतरतं, टोचे आणि काप एकाच मापाने पडतात, पट्ट्यावरून ते लांबलचक भट्टीत जातं आणि भट्टीच्या प्रत्येक टप्प्याची उष्णता वेगळी राखलेली असते. ज्याला मी निर्जीव म्हणत होते, ते माझ्याच अडचणींवर माणसांनी पिढ्यानपिढ्या शोधलेलं उत्तर होतं.

तिने उपाय सांगितला तो अगदी साधा. दोन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या पिठाच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं. लाटणं पट्ट्यांवर टेकलं की पीठ त्याहून पातळ होऊच शकत नाही. भोसरीतल्या एका दुकानातून स्टीलच्या पट्ट्या कापून आणल्या आणि घासूनपुसून घेतल्या. दुसरी गोष्ट तिने सांगितली ती पहिला पीस पास करून घेण्याची. सगळा घाणा एकदम टाकायचा नाही. आधी थोडेसे चौकोन भाजायचे, गार होऊ द्यायचे, मोडून बघायचे, आणि मगच पुढचं. ओव्हनचा मागचा कोपरा जास्त तापतो हे मला अशाच पहिल्या पिसाने दाखवलं. आता मी ट्रे अर्ध्या वेळेला फिरवते आणि भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून, दार किंचित उघडं ठेवून चौकोन थोडा वेळ आतच वाळू देते. चिरा जवळजवळ थांबल्या.

थरांच्या बारांनी उरलासुरला ताठा उतरवला. न भाजता केलेला पदार्थ मला कमी दर्जाचा वाटायचा. आच नाही, मग कसब कुठलं? खाली बिस्किटांच्या चुऱ्याचा थर, मधे लोणी, पिठीसाखर आणि कस्टर्ड पावडरचा, वर चॉकलेटचा. कॅनडातल्या नानाइमो गावाच्या नावाने अशा बारचा एक प्रकार प्रसिद्ध आहे. खालचा थर गार होऊन घट्ट झाल्याशिवाय मधला घालायचा नाही, आणि वरचं चॉकलेट वितळलेलं पण कोमट हवं; गरम ओतलं तर मधला थर वितळून वर येतो. चॉकलेट पूर्ण कडक झाल्यावर सुरी लावली की ते वेडंवाकडं तडकतं, म्हणून ते अर्धवट घट्ट असतानाच रेघा मारून ठेवायच्या. यात आचेचं कौशल्य नाही, पण थांबण्याचं आहे, आणि माझ्याकडे तेच कमी होतं.

खालच्या थरासाठी मी हट्टाने माझेच क्रॅकर्स वापरायचं ठरवलं होतं. हे पट्ट्या मिळण्याआधीचं. सगळंच घरचं, असा बाणा. एका कोपऱ्यात तो थर दगडी झाला, दुसऱ्या कोपऱ्यात वड्या उचलतानाच भुगा झाला, कारण चुऱ्यात कच्चे आणि करपलेले तुकडे एकत्र होते आणि प्रत्येकाने लोणी वेगळं शोषलं. शेवटी पाकिटातली मारी बिस्किटं आणली. दोनशे ग्रॅम बिस्किटांना शंभर ग्रॅम लोणी. थर पहिल्या खेपेलाच एकसंध बसला, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तसाच बसला. ज्या बिस्किटाला मी नावं ठेवली होती, त्याच्या भरवशावर माझी घरगुती मिठाई उभी होती.

मग एकेक गोष्ट नीट पाहू लागले. कस्टर्ड पावडरचा डबा वीकफिल्डचा, आपल्या पुण्यात १९५६ साली सुरू झालेल्या कंपनीचा. ही पावडर मुळात कशी आली? १८३७ साली इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने ती केली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. मक्याच्या पिठाने दाट होणारं बिनअंड्याचं कस्टर्ड त्याने घरच्या एका माणसासाठी शोधलं. वरचं चॉकलेट मोर्डेचं, आमच्याच नाशिक रस्त्यावर पुढे मंचरला त्यांचा कारखाना आहे. कोको बटर चौतिसेक अंशांना वितळतं, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा सहज त्याच्या वर जातो. त्याच्या जागी दुसरी वनस्पती चरबी वापरून केलेलं कंपाउंड चॉकलेट या हवेत तग धरतं, म्हणून तर माझ्यासारख्या बाया घरात धंदा करू शकतात. माझ्या प्रत्येक बारमध्ये शेकडो माणसांची मेहनत होती, आणि मी वर चिठ्ठी लावत होते की याला फक्त माझा हात लागला आहे.

आणि घरगुती म्हणजे वेडंवाकडं, हेही मी कुठून शिकले? माझ्या आईच्या करंज्या एका मापाच्या असायच्या. तिच्या पुरणपोळीत पुरण कडेपर्यंत पोचलेलं असायचं. दिवाळीआधी ती तूप, पिठीसाखर आणि मैदा डब्यांत भरून बेकरीत नानकटाई करून आणायला जायची, आणि बेकरीवाला हाताने गोळे तोडून पत्र्यावर मांडायचा तेव्हा ते तोलून घेतल्यासारखे दिसायचे. मी शेजारी उभी राहून ते बघायचे. घरातली आणि भट्टीवरची चांगली माणसं सारखेपणासाठीच जीव टाकत होती. मी माझ्या कमतरतेचं खापर त्यांच्या परंपरेवर फोडत होते.

वडिलांशी याबद्दल बोलले. सत्तरी ओलांडलेले वडील पोळपाटाशी बसले, पट्ट्यांवर बोट फिरवून म्हणाले, “एका बाजूला घासली गेली की बदल. नाहीतर तुला कळणारही नाही आणि माल बिघडत जाईल.” मग ते बराच वेळ बोलत राहिले. हत्यार झिजलं की आवाज कसा बदलतो, जॉब हाताला गरम लागला तर माप का घ्यायचं नाही, नवीन पोराला आधी काय शिकवायचं. हे सगळं त्यांच्याकडे तीस-पस्तीस वर्षं होतं. मी कधी विचारलं नव्हतं. त्यांच्या कामाला मी नोकरी म्हणत आले आणि माझ्या कामाला कला, आणि हा भेद मी कशाच्या जोरावर केला, याचं माझ्याकडे एकही प्रामाणिक उत्तर नाही.

कारखान्यात सगळं उत्तम असतं, असा नवा भाबडेपणा मला करायचा नाही. वरच्या खोलीतली मुलगी कंत्राटावर आहे. काही महिने झाले की कंपनी तिला ब्रेक देते आणि पुन्हा नव्याने घेते. उभं राहून तिचे पाय सुजतात. तिने तपासलेल्या हजारो तुकड्यांवर तिचं नाव कुठेच नसतं, आणि माझ्या वाकड्या चौकोनांच्या खोक्यावर माझं नाव वळणदार अक्षरांत छापलेलं होतं. तिच्या कामाला कमी पैसे मिळतात याला तिच्या कामातलं कसब कमी आहे हे कारण नाही. त्या कसबाला कसब म्हणायची आपल्याला सवय नाही, हेही एक कारण आहे, आणि त्यात मी होते.

ती चिठ्ठी मी बदलली. ‘यंत्राचा स्पर्श नाही’ ही ओळ गेली. तिच्या जागी घटक, वजन आणि केल्याची तारीख आली. चौकोन तीन ढिगांत वेगळे करूनच खोक्यात जातात. दुसरा ढीग पुन्हा भाजला जातो, तिसरा घरात खाल्ला जातो, विकला जात नाही. त्यामुळे माल कमी निघतो आणि माझी कमाई थोडी घटली आहे. गिऱ्हाइकांपैकी काहींना जुनी ओळ आठवते. “तुमचं एकदम कंपनीसारखं व्हायला लागलंय,” असं कुणीकुणी म्हणतं. पूर्वी मला ते झोंबलं असतं. आता मी थांबून त्यांना सांगते की हे मला चाकणला लाईनवर काम करणाऱ्या एका मुलीने शिकवलं.